कृष्णाकाठची नटी आणि तिचे कागद

कुरुंदवाडजवळ पंचगंगा कृष्णेला मिळते. पलीकडच्या तीरावर नृसिंहवाडी, नदीच्या वरच्या अंगाला हरिपूर, सांगली आणि मिरज, पश्चिमेला इचलकरंजी, खाली खिद्रापूर. बैलगाडीच्या काळातही ही गावे एकमेकांपासून एका दिवसाच्या वाटेवर होती. हरभट पटवर्धनांच्या वंशजांनी पेशवाईत या पट्ट्यात जहागिरी मिळवल्या आणि पुढे मिरज, सांगली, जमखंडी, कुरुंदवाड अशी संस्थाने झाली. कुरुंदवाडच्याही १८५४ साली थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या झाल्या. मार्च १९४८मध्ये ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. त्यांच्या दप्तरांतले कागद मात्र त्याआधीच छापून बाहेर आले होते, कारण मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करायला घेतला होता.

खरेशास्त्री जसे इतिहाससंशोधक तसे नाटककारही होते. मोहिमा, तह, देणी-घेणी आणि घरच्या भाऊबंदकीची पत्रे तारीखवार लावणाऱ्या याच हाताने ‘उग्रमंगल’ हे नाटक लिहिले. ते १९२२च्या सुमारास बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्या मंडळीचे मुख्य नट होते दीनानाथ मंगेशकर, स्त्रीभूमिका आणि पुरुषभूमिका दोन्हींसाठी नावाजलेले. सरदारांची पत्रे तपासून छापणाऱ्या माणसाच्या टेबलावर लुगडे नेसून उभ्या राहणाऱ्या पुरुषासाठी लिहिलेले संवादही होते. त्याच्या काळाला यात विसंगत असे काही वाटले नाही.

पुरुषाने स्त्री होणे या प्रदेशाने तीन ठिकाणी पाहिले: संगीत नाटकात, तमाशाच्या फडात आणि यल्लम्माच्या जोगत्यांत. तिघांचा इतिहास लिहायला बसले की पहिल्याविषयी कागदांची रास सापडते, दुसऱ्याविषयी मोजके कागद आणि तिसऱ्याविषयी बहुतेक वेळा इतरांनी लिहिलेले. कागदांची अशी वाटणी कशी झाली, ते पाहिल्याशिवाय या प्रदेशाच्या स्त्री-पुरुषविषयक कल्पना समजत नाहीत.

दगड आणि व्याकरण

सर्वांत जुना पुरावा दगडाचा आहे. सहाव्या शतकातल्या घारापुरीच्या लेण्यात अर्धनारीश्वराचे सुमारे पाच मीटर उंचीचे शिल्प आहे. शिवाचा एक हात नंदीवर विसावला आहे, उजवे अंग पुरुषाचे आणि डावे पार्वतीचे. डाव्या बाजूच्या हातात आरसा आहे. शिल्पकाराने मधोमध रेघ ओढून दोन अर्धे जोडलेले नाहीत. कमरेचा बाक, खांद्याचा उतार आणि मानेचा कल असा साधला आहे की देह एकच राहतो आणि दोन्हींचा राहतो. बदामीच्या पहिल्या लेण्यातही अर्धनारीश्वर आहे आणि त्याच्या जोडीला हरिहर. बदामी ही चालुक्यांची राजधानी. कृष्णेचे हे खोरे त्यांच्याच अमलात होते, त्यामुळे ही कल्पना इथे परकी कधीच नव्हती.

कुरुंदवाडच्या सर्वांत जवळचे मोठे शिल्पवैभव खिद्रापूरच्या कोपेश्वराचे. शिलाहारांच्या काळात उभे राहिलेले हे मंदिर यादव सिंघणाच्या शके ११३६च्या, म्हणजे इसवी सन १२१४च्या सुमाराच्या, शिलालेखामुळे काळाशी घट्ट बांधले गेले आहे. त्या लेखात देवाला दिलेल्या दानाची नोंद आहे. गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत, एक कोपेश्वराचे आणि दुसरे विष्णुरूप धोपेश्वराचे. समोर नंदी नाही. स्थानिक कथा सांगते की दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकला, शिव कोपला आणि त्याची समजूत घालायला विष्णू आला. नंदी सतीबरोबर गेलेला, म्हणून त्याचे ठाणे दूर यडूरला. कथेला शिलालेखाचा आधार नाही आणि ती इतिहास म्हणून सांगायचीही नाही. पण तिच्यातली कल्पना अर्धनारीश्वराच्या उलट बाजूने उभी आहे. स्त्रीचे अंग गमावलेला देव इथे कोप म्हणून शिल्लक राहतो आणि ती पोकळी भरायला येतो तो विष्णू, ज्याने दुसऱ्या कथेत मोहिनीचे रूप घेतले होते.

दगडाइतकाच ठाम पुरावा व्याकरणाचा आहे, आणि त्याची दखल रंगभूमीच्या इतिहासात पुरेशी घेतली जात नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात स्त्रीप्रत्ययांची चर्चा करताना विचारले की स्त्रीलिंग कशावरून ठरवायचे. देहाच्या खुणांवरून म्हणावे, तर स्त्रीवेष घेतलेल्या नटाचे काय करायचे? अशा नटाला तो ‘भ्रूकुंस’ म्हणतो. दिसणाऱ्या खुणा स्त्रीच्या, तरी शब्दाला स्त्रीप्रत्यय लागत नाही. म्हणून केवळ खुणांवर बेतलेली व्याख्या अपुरी पडते, असा त्याचा रोख आहे. त्याच्यासमोर हा नट रोजच्या पाहण्यातला असला पाहिजे, एरवी तो उदाहरणाला घेतला नसता. नाट्यशास्त्रानेही भूमिकांची वाटणी तीन प्रकारांनी सांगितली: माणसाने आपल्यासारखेच पात्र करणे, बालकाने वृद्धाचे किंवा वृद्धाने बालकाचे पात्र करणे आणि पुरुषाने स्त्रीचे किंवा स्त्रीने पुरुषाचे पात्र करणे. तिसऱ्या प्रकाराला ‘रूपानुसारिणी’ असे मानाचे नाव दिले. शास्त्राच्या नजरेत दोन्ही दिशांनी जायला वाट मोकळी होती. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी रंगभूमीने त्यांतली एकच दिशा उघडी ठेवली.

सांगली, १८४३

मराठी रंगभूमीचा आरंभ ५ नोव्हेंबर १८४३चा मानतात. त्या दिवशी सांगलीत विष्णु अमृत भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग झाला. त्यामागची हकीकत भाव्यांनी स्वतः ‘नाट्यकवितासंग्रह’ या १८८५च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगितली. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले आणि तसे पण अधिक नीटनेटके काही मराठीत करायला आपल्या पदरच्या भाव्यांना सांगितले. हा मजकूर घटनेनंतर ४२ वर्षांनी लिहिलेला आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते. तो लिहिणारा स्वतः त्या घटनेचा कर्ता होता आणि तेव्हा संगीत नाटकाची लाट आलेली होती. आपले श्रेय नोंदवून ठेवण्याची निकड त्याला असणारच. आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचा ‘मराठी रंगभूमि’ हा इतिहास तर १९०३चा. त्यामानाने समकालीन पुरावा १८५३चा आहे. त्या वर्षी भाव्यांची मंडळी मुंबईला गेली, ग्रँट रोडवरच्या नाट्यगृहात प्रयोग झाले आणि वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली.

या सगळ्या कागदांतून एक गोष्ट निर्विवादपणे सिद्ध होते. स्त्रीभूमिका मुलगे आणि तरुण पुरुष करीत. सूत्रधार पदे म्हणे, पात्रे त्यावर आपापली भाषणे रचून बोलत. सुरुवातीला विदूषक, मग गणपती आणि मग मोरावर बसून नाचत येणारी सरस्वती. म्हणजे प्रेक्षकाला दिसणारे पहिले स्त्रीरूप ही देवी असे आणि ती मुलगा असे. पौराणिक मंडळ्यांत कामाची वाटणीही ठरलेली होती: देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी. ज्याचा आवाज चढा, चेहरा कोवळा, अंग लवचिक, तो स्त्रीपार्टी. आवाज फुटला की तो दुसऱ्या कामाकडे जाई. स्त्री होणे हे इथे वयाचे आणि गळ्याचे काम होते. त्या मुलाच्या मनाविषयी कागद काही विचारत नाहीत.

स्त्रियांनाच का घेतले नाही, याचे उत्तर त्या काळाच्या रचनेत आहे. घरंदाज स्त्रीने चार लोकांसमोर उभे राहणे अशक्य होते आणि जी स्त्री गात-नाचत होती ती कलावंतीण म्हणून ओळखली जाई. दरबाराच्या आश्रयाने नवी सभ्य करमणूक उभी करायची, तर तिला दारात घेणे नको होते. स्त्रीपार्टीचे कौतुक आणि कलावंतिणीची हकालपट्टी एकाच निर्णयातून आली. पुढच्या काळात स्त्रियांच्या मंडळ्या निघाल्या. बेळगावकर स्त्री संगीत मंडळीसारख्या ठिकाणी पुरुषपात्रेही स्त्रियाच रंगवत. शास्त्रातली दुसरी दिशा तिथे चालू होती. पण त्या नटींची आत्मचरित्रे नाहीत, त्यांची छायाचित्रे घरोघर लागली नाहीत, आणि रंगभूमीच्या इतिहासात त्यांना ओळीदोन ओळीच मिळाल्या.

कुरुंदवाडचा कीर्तनकार

नाटकाच्या आधीपासून आणि नाटकाबरोबरही एक दुसरी रीत चालू होती. कुरुंदवाडला १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म झाला. त्यांचे वडील दिगंबर गोपाळ कीर्तनकार होते. कीर्तनाच्या उत्तररंगात एकटा बुवा सगळी पात्रे होतो. द्रौपदीचा धावा आला की तो द्रौपदी, दुःशासन आला की दुःशासन. वेष बदलत नाही, मिशा झाकत नाही, खांद्यावरच्या उपरण्याचा पदर पुरतो. समोर बसलेल्या बायाबापड्यांना त्यात खोटे काही वाटत नाही.

ही सवय वारकरी वाङ्मयाने लावलेली आहे. ज्ञानेश्वरांनी विरहिणीच्या तोंडून अभंग रचले, एकनाथांनी गौळणी आणि भारुडांतून कितीतरी स्त्रियांचे आवाज घेतले. विठ्ठल पुरुषरूपात विटेवर उभा आहे आणि भक्त त्याला आई म्हणून हाक मारतो. ज्ञानेश्वरांना माउली म्हणताना एकाही वारकऱ्याची जीभ अडखळत नाही. पुरुषाने स्त्री होऊन बोलणे हे इथे भक्तीचे साधन होते आणि स्त्रीपार्टीचा रंगमंच उभा राहिला तो या ओळखीच्या जमिनीवर. सांगली-मिरजेचा प्रेक्षक नाटकाला येण्याआधी देवळात शेकडो वेळा पुरुषाच्या गळ्यातून रुक्मिणी ऐकून आलेला होता.

पलुस्करांनी पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गायकाला समाजात मानाचे स्थान मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचले. त्यांचे मिरजेचे शिष्य विनायकराव पटवर्धन काही वर्षे गंधर्व नाटक मंडळीत होते आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांसमोर नायक म्हणून उभे राहत. कुरुंदवाडच्या कीर्तनकाराच्या घरातून निघालेली गाण्याची एक वाट अशी थेट त्या रंगमंचावर पोचते.

मिरज, १९०५

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि स्त्रीपार्टीचे काम बदलले. आता तो गाऊ लागला, लिहिलेले संवाद बोलू लागला, एका स्त्रीचे मन तीन-चार तास धरून ठेवू लागला. पहिली शकुंतला शंकरराव मुजुमदारांनी केली. भाऊराव कोल्हटकरांनी (१८६३–१९०१) सुभद्रेसारख्या भूमिकांत गायनाने प्रेक्षक वेडे केले आणि पुढे वय वाढल्यावर नायकाची कामे घेतली. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली ‘शारदा’ आणले. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे दुःख त्या नाटकाने समाजापुढे मांडले. ते दुःख मांडायला उभा राहणारा मुलगाच असे. कोल्हापूरचे केशवराव भोसले लहान वयात शारदा म्हणून गाजले. हे सामर्थ्य मान्य करायला हवे. ज्या समाजात मुलीला स्वतः बोलता येत नव्हते, तिथे तिचे म्हणणे एका मुलाच्या गळ्यातून हजारो लोकांच्या कानी गेले. ते तिला स्वतःला म्हणता आले नाही, ही बाजूही त्याच घटनेत आहे.

नागठाण्याच्या राजहंस घराण्यातले नारायण श्रीपाद, जन्म २६ जून १८८८, किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९०५ साली मिरजेत शकुंतला म्हणून उभे राहिले. बालगंधर्व हे नाव त्यांना आधीच मिळालेले होते आणि परंपरा ते लोकमान्य टिळकांनी दिल्याचे सांगते. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘मानापमाना’तली भामिनी, ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी, ‘एकच प्याला’तली सिंधू या भूमिकांनी तीस वर्षे मराठी प्रेक्षकाच्या मनात स्त्रीचे रूप घडवले.

इथे कागद भरपूर आहेत आणि एकमेकांशी ताडून पाहता येतात. टेंब्यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ १९३९चे, बोडसांचे ‘माझी भूमिका’ १९४०चे, चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ १९५७चे. तिघेही आतली माणसे. त्यांच्या लेखनाशिवाय छायाचित्रे आहेत, ध्वनिमुद्रिका आहेत, जाहिराती आहेत. बालगंधर्वांचे नेसणे, नथ, अंबाड्यातले गजरे यांची नक्कल मध्यमवर्गीय स्त्रिया करीत, ही आठवण इतक्या वेगवेगळ्या लोकांनी नोंदवली आहे की ती मानायला हरकत नाही. छायाचित्रांतली उभे राहण्याची ढब राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांशी जुळते. पुरुष चित्रकाराने कल्पिलेली स्त्री पुरुष नटाने अंगात घेतली आणि खऱ्या स्त्रियांनी ती आरशासमोर पुन्हा उभी केली. कुलीन स्त्रीने कसे बसावे, किती लाजावे, पदर कुठून घ्यावा, याचा वस्तुपाठ एका पुरुषाने घालून दिला.

यातून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही खरे आहेत. एक, बाईपण जन्माने येते असे ठामपणे मानणाऱ्या समाजाने ते शिकता येते, रियाजाने साधते आणि पुरुषाला बाईपेक्षाही चांगले साधू शकते, हे रोज रात्री टाळ्या वाजवून कबूल केले. पतंजलीचा प्रश्न त्या टाळ्यांत पुन्हा विचारला जात होता. दोन, साधलेले हे बाईपण सोशीक, सुंदर, कुलीन बाईचे होते. ‘एकच प्याला’तली सिंधू फाटक्या लुगड्यात दळायला बसते तेव्हाही पातिव्रत्य सोडत नाही. शेतात राबणारी, बाजारात भांडणारी, चारचौघांत मोठ्याने हसणारी बाई या रंगमंचाच्या मध्यावर क्वचितच आली.

१९०५ सालचे मिरज आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. ज्या वर्षी तिथे बालगंधर्वांची शकुंतला उभी राहिली, त्याच वर्षी त्याच गावात अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या पोटी हिराबाई बडोदेकर जन्माला आल्या. सुमारे १९२९मध्ये त्यांनी स्वतःची नाटकशाखा काढून स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्याची वाट मोकळी केली. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणले. त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी कामे केली. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावर बेतलेल्या या नाटकाचा विषय होता शीलाची कसोटी: ती स्त्रीला एक आणि पुरुषाला दुसरी का असावी? रंगमंचावर स्वतःच्या देहाने आलेल्या स्त्रीने विचारलेल्या पहिल्या मोठ्या प्रश्नांपैकी हा एक होता.

पडद्यावरचा बदल तर तारखांनी मोजता येतो. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्रा’त तारामती झाले अण्णा साळुंके. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुरा’त मोहिनी, म्हणजे देवाने घेतलेले स्त्रीरूप, कमलाबाई गोखले या खऱ्या मुलीने केली. १९१७च्या ‘लंकादहना’त साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. प्रेक्षकांनी एकाच माणसाच्या देहातली ती दोन रूपे भक्तिभावाने पाहिली. आणि १९३२ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ काढला तेव्हा तारामती झाल्या दुर्गा खोटे, हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे. १९१३ ते १९३२ या १९ वर्षांत एकच तारामती पुरुषाच्या देहातून स्त्रीच्या देहात आली.

पुरुषांनाही नवी रूपे घ्यावी लागली. स्वदेशहितचिंतक मंडळीत स्त्रीभूमिकांसाठी ओळखले गेलेले विष्णुपंत पागनीस १९३६ साली ‘संत तुकारामा’त तुकाराम झाले. त्या चित्रपटातला डोळ्यांचा मवाळपणा आणि शरीराचा ताठा नसणे हे स्त्रीपार्टीच्या वर्षांनी दिलेले धन होते, असे माझे मत आहे. मराठी माणसाच्या मनातला तुकोबांचा चेहरा ज्याने घडवला, तो नट आधी स्त्री होऊन गात असे.

नाच्या

याच गावांच्या वेशीबाहेर, जत्रेच्या माळावर, तमाशाचा फड लागे. तिथेही पुरुष लुगडे नेसे. त्याला नाच्या म्हणत. गणानंतर गौळण येई आणि गौळणींच्या पुढे ‘मावशी’ असे. ती आजही पुरुषच करतो. पेशवाईच्या उत्तरार्धात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी, सगनभाऊ, परशराम या शाहिरांनी लावण्या रचल्या. त्यांतल्या कितीतरी स्त्रीच्या मुखातून बोलतात.

त्या लावण्या उरल्या. शेवटच्या कडव्यात शाहिराची नाममुद्रा असते, त्यामुळे कुणाची रचना हे कळते. ज्याने ती लावणी अंगात आणून लोकांसमोर उभी केली, त्याला मुद्रेत जागा नव्हती. लिहिणाऱ्याचे नाव कवितेतच गुंफलेले राहिले आणि नाचणाऱ्याचे नाव फड हलला त्या सकाळी माळावर राहिले. पुढे पवळाबाईंसारख्या स्त्रिया तमाशात आल्या आणि नाच्याचे काम आकसले. पण सोंगाड्याच्या शेजारी तो टिकून राहिला, आता मुख्यतः हशा पिकवायला.

कागलच्या मातीतून आलेल्या आनंद यादवांनी ‘नटरंग’ कादंबरीत गुणा नावाच्या पैलवानी देहाच्या तरुणाला नाच्या केले. २०१० साली त्यावर चित्रपटही आला. कादंबरी हा इतिहासाचा दस्तऐवज नव्हे. तरी कोल्हापूर भागातला समाज नाच्याकडे कसा पाहत होता, याची साक्ष म्हणून ती वाचता येते. ज्या काळात स्त्रीपार्टीच्या आठवणी आदराने छापल्या जात होत्या, त्याच भागात नाच्याच्या पुरुषपणावर गावाने संशय घेतला, त्याच्या बायकामुलांना टोमणे सोसावे लागले. काम एकच. फरक जातीचा, रंगमंचाचा आणि तिकिटाच्या दराचा.

जोगता

तिसरा पुरुष लुगडे नेसतो आणि ते रात्री उतरवत नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला या भागातून माणसे सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराला जातात. त्यांच्यात जोगते असतात. डोक्यावर देवीचा जग, हातात परडी, कपाळाला भंडारा, गळ्यात देवीचे दर्शन म्हणून बांधलेली मोत्यांची माळ, साथीला चौंडके आणि तुणतुणे. देवीने झाड धरले, केसांत जट आली, आजार हटेना, की देवीला वाहायचे, असा समज. मग तो जोगवा मागतो, ‘उदे ग आई उदे’ म्हणत दारोदार जातो आणि लोक त्याच्या पाया पडतात. पण त्याला घरात ठेवून घेत नाहीत.

लोककथेत त्याचे मूळ रेणुकेच्या गोष्टीत सांगतात. जमदग्नीने आईला मारण्याची आज्ञा केली, मोठ्या मुलांनी ती मानली नाही, म्हणून त्यांना पुरुषपण गमावण्याचा शाप मिळाला. परशुरामाने आज्ञा पाळली. या कथेचा अर्थ जोगत्याच्या बाजूने लावला, तर तो वेगळा दिसतो. आईवर हात न उचलणाऱ्यांचे तो वंशज आहे आणि त्या नकाराची किंमत त्याने देहावर घेतली आहे.

स्त्री-पुरुषांच्या चौकटीबाहेरच्या माणसांचे हक्काचे कागद महाराष्ट्रात कधी नव्हतेच, असे मात्र नाही. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले की मराठी सत्तेच्या काळात काही हिजड्यांना ठरलेल्या मुलखात मागण्याचे आणि रोख किंवा जमिनीच्या रूपाने मिळणारे वंशपरंपरागत हक्क होते. ते इतर वतनांप्रमाणे कागदावर नोंदलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कंपनी सरकारने हे हक्क नैतिकतेच्या नावाने चालू ठेवायला नकार दिला. पटवर्धनांच्या सनदा टिकल्या आणि खरेशास्त्र्यांच्या हाती आल्या. हिजड्यांच्या सनदांची उपयुक्तताच सरकारने संपवली. कागद नाहीसे होतात त्यामागे असे निर्णय असतात.

पुढचे कागद कायद्याचे आहेत. मुंबई प्रांताचा देवदासींविषयीचा कायदा १९३४चा, कर्नाटकाचा १९८२चा, महाराष्ट्राचा २००५चा. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासी परिषद भरली आणि निपाणी-गडहिंग्लज भागात चळवळीने मूळ धरले. मुलींना देवाला वाहण्याची क्रूर प्रथा थांबवण्यासाठी हे सारे आवश्यक होते. या चर्चेच्या मध्यावर जोगतीण होती आणि जोगता कडेला राहिला. त्याला मराठी वाङ्मयात मध्यभागी आणले राजन गवस यांनी, ‘भंडारभोग’ कादंबरीत. २००९च्या ‘जोगवा’ चित्रपटाने त्याचा चेहरा मोठ्या पडद्यावर नेला. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी माणसाला आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क असल्याचे मान्य केले. सक्तीने वाहिलेला आणि स्वतःच्या मनाने लुगडे नेसणारा यांतला फरक आता त्या माणसालाच विचारावा लागेल.

तिघे एकत्र

अर्धनारीश्वराची पूजा करणारा समाज स्त्री-पुरुषांच्या मधल्या माणसाला सहज स्वीकारतो, असे अभिमानाने सांगितले जाते. कुरुंदवाडच्या आसपासचे कागद हा निष्कर्ष काढू देत नाहीत. ते सांगतात की स्वीकार होता, पण अटींवर. दगडात असेल तर पूजा. कीर्तनात क्षणभर असेल तर डोळ्यांत पाणी. उच्चभ्रूंच्या रंगमंचावर असेल आणि पडदा पडल्यावर पुरुष होऊन घरी जात असेल, तर पदवी, छायाचित्र, पद्मभूषण. माळावर असेल तर हशा. आयुष्यभराचे असेल तर भीतीयुक्त नमस्कार आणि घराबाहेरची जागा.

या अटींचे मोजमाप त्यांनी मागे ठेवलेल्या कागदांवरून करता येते आणि साधार इतिहासाचे काम इथेच सुरू होते. स्त्रीपार्टीवर आणखी एक गौरवग्रंथ निघाला तरी आपल्या ज्ञानात फारशी भर पडणार नाही. फडांच्या हिशेबाच्या वह्या, जत्रांतल्या तमाशांची परवानगीपत्रे, बेळगाव-साताऱ्याच्या स्त्री नाटक मंडळ्यांच्या जाहिराती, वाड्यांतल्या ट्रंकांत पडलेली नाव नसलेली छायाचित्रे, जोगत्यांच्या तोंडी असलेली चौंडक्यावरची गाणी आणि त्यांनी स्वतः सांगितलेल्या हकीकती गोळा कराव्या लागतील. त्यांना खरेशास्त्र्यांनी सरदारांच्या पत्रांना दिली तेवढीच काळजी द्यावी लागेल: कुणी, केव्हा, कुणाला, कोणत्या हेतूने. बोलती माणसे आहेत तोवर हे होऊ शकते. नाच्याचे आणि जोगत्याचे नाव त्याच्या गावासह, सालासह छापले गेले की मगच बालगंधर्वांच्या शेजारी ठेवून त्यांच्याविषयी न्यायाने बोलता येईल.